तिरक्या बेडवरचा पत्रा

लेथ मशीनचं दार सरकवताच असा भपकारा आला की त्रिशलानं ओढणी नाकावर बांधली. खंडेनवमीला फोडलेला नारळ आत आठ दिवस कूलंटच्या तेलकट पाण्यात कुजत होता. त्यावर लोखंडी किसाची भेंडोळी, आणि भेंडोळ्यांत कुणीतरी थुंकलेली तंबाखू.

हे सगळं साचलं होतं एका आडव्या पत्र्यावर. तिच्या नकाशात तो पत्रा नव्हताच.

दोन वर्षं खपून तिनं हे मशीन कागदावर मांडलं होतं. जुन्या लेथचा बेड, म्हणजे खालची बैठक, सपाट. कीस तिथंच साठतो आणि कामगार तो हातानं ओढतो. असाच ओढताना इथल्या आकारामच्या करंगळीचं पेर गेलं. म्हणून तिनं बेड उतरता केला. कीस आपोआप खालच्या पेटीत पडावा, हात आत जाऊच नये. आज आकारामच्या अंगठ्याला नवी पट्टी होती.

"काका, हा पत्रा कुणी बसवला?"

"मीच की," श्रेणिककाका म्हणाले. कारखाना त्यांचा. "उतारावर नारळ ठरंना. पूजा काय भिंतीला टेकून करायची? पान्हं, च्याचा गिलास, समदं घरंगळतंय. दार लाव आधी, वडगावचं गिऱ्हाईक आलंय. पटलं तर धा मशीनं तुझ्या नकाशावर. न्हायतर परत जुनाच साचा."

गिऱ्हाईक, केरबा, दारातच नाक मुरडून उभा होता.

"काय मेलंय व्हय आत?"

त्रिशलानं दार लावलं नाही. पान्हा घेतला.

"पावणं, जरा मागं सरा."

चार बोल्ट सुटले. पत्रा खाली आदळला आणि कुजकं पाणी केरबाच्या कोऱ्या चपलांवर उडालं. तिनं मशीन चालू केलं. कीस निघाला तसा उतारावरून घसरत पेटीत गेला. बेड स्वच्छ.

केरबा वाकून बघत राहिला. "झ्याक हाय!"

त्रिशलानं ओढणी खाली घेतली.

"पर च्या कुठं ठिवायचा?"

"त्येच म्हंतोय की मी!" काकांनी मांडीवर थाप मारली. "धाच्या धा पत्र्यासकट देतो, पावणं."

आकारामनं पत्रा उचलला. चिकटलेलं खोबरं त्याच पट्टीच्या अंगठ्यानं खरवडत तो म्हणाला, "ताई, वाईच सरा. बोल्ट कुठं पडल्यात बघतो."