साधारणच्या आधीचा खोकला

ऐक, आधी नुसतं ऐक. मध्ये "मग? मग?" करू नकोस, माझा धागा तुटतो.

गेल्या गुरुवारी सकाळी ऑफिस उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती, मी खुर्चीला पाठसुद्धा टेकली नव्हती, तेवढ्यात होडीवाले काका दारात. रबरी बूट, बुटांना ओला चिखल. मोबाईल स्पीकरवर लावलेला. तो माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले,

"खोकला कुठे गेला?"

मी म्हटलं, "कुणाचा?"

"बाईंचा! ऐक की तूच."

मोबाईलमधून माझी आत्या बोलत होती. "सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यासाठी शरद ऋतूचा अंदाज. वाऱ्यांचा जोर साधारण राहील." आवाज कसा, लोण्यासारखा. मी तर मनात खूश झाले, कारण तो लोण्यासारखा मीच केला होता ना!

तुला माहितीये ना, आत्या तीस वर्षं आमच्या हवामान ऑफिसात अंदाज वाचायची? नंबर फिरवला की तिचा आवाज. ती रिटायर झाली आणि साहेबांनी ठरवलं, आता कॉम्प्युटर वाचेल. पण लोकांना सवय आत्याच्या आवाजाची, म्हणून तिच्या जुन्या टेपांमधले शब्द कापून जोडायचे. ते कापायचं काम मला चिकटवलं. सहा आठवडे, बाई गं! खुर्चीची करकर काढ, श्वास काढ, खोकला काढ. काढलेलं सगळं 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकत गेले.

"अहो काका, खोकला मी काढला," मी म्हटलं. "छान वाटतंय ना आता?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांच्या होडीलाच भोक पाडलंय.

"पोरी," ते म्हणाले, "बाई 'साधारण'च्या आधी खाकरल्या की आम्ही होड्या वर ओढतो. नाही खाकरल्या तर राहू देतो. माझा बाप तेच करायचा. पहाटे कान गारठलेत माझे, आणि बाई आपल्या गोड गोड बोलतायत. आम्हाला काय माहीत आत डबा बोलतोय!"

मग त्यांनीच सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आत्याने अंदाज वाचून झाल्यावर आपलं एक वाक्य जोडलं होतं, "होड्या लवकर काढाव्यात." तेव्हाच्या साहेबाने लेखी ताकीद दिली. लिहिलंय तेवढंच वाचायचं, एक शब्द जास्त नको. त्यानंतर तिने एक शब्द जास्त वाचला नाही. शब्द नाही, कळतंय तुला?

मी पळत साहेबांच्या केबिनमध्ये.

"सर, होड्या अजून पाण्यात आहेत. अंदाज बदलायला हवा."

"का?"

"कारण... खोकला नाहीये त्यात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खोकला हा हवामानाचा घटक आहे का?"

"नाही सर, पण..."

"अंदाज मुख्य कार्यालयाकडून आलाय. साधारण म्हणजे साधारण."

आणि मुख्य कार्यालय कुठे? डोंगरात! त्या लोकांनी सरोवर कॅलेंडरवर बघितलं असेल तर असेल. माझं डोकं असं सटकलं ना, मी सरळ आत्याकडे गेले.

आत्या निवांत इस्त्री करत बसली होती. म्हटलं, "आत्या, तू मुद्दाम खोकायचीस?"

"मी? छे गं. सर्दी असेल."

"तेवीस खोकले! मी मोजलेत. सगळे पानगळीतले, सगळे 'साधारण'च्या आधी! दर वर्षी नेमकी त्याच शब्दाला सर्दी होते?"

"उशीची खोळ धर जरा, त्या टोकाला." मी धरली. म्हणाली, "आणि तू काढलेस ना ते? साहेब म्हणाले, फार स्वच्छ आवाज झालाय."

हे तिने इतकं हळू म्हटलं ना, मला भांडताच येईना. पण भांडले! "मला सांगायचंस तरी! ऑफिसात बसून दिवसभर तुझाच आवाज कापत होते मी! जेवणाचा डबा द्यायला यायचीस, तेव्हा एकदा तरी म्हणायचंस, एवढं राहू दे!"

"काय म्हणणार होते? माझ्या कागदांवर एक ठपका आहे, पहिल्या वर्षीचा. नंतरची एकोणतीस वर्षं कोरी. मला ती तशीच हवीयेत."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं, तिच्या हातात स्वेटर कोंबला आणि तिला सरोवरावर घेऊन गेले. ती वाटभर पुटपुटत होती, "कपडे पाणी मारून ठेवलेत, वास येईल." काका पायऱ्यांवरच होते, आणखी चार-पाच जण होते. त्यांनी तिला वाट करून दिली.

आत्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली. घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. मनगटापर्यंत हात पाण्यात घातला आणि ठेवला. किती वेळ! मी वैतागून विचारलं, "काय बघतेस एवढं?"

"पाणी अजून उन्हाळ्यातलंच आहे," ती म्हणाली. "हवा गार झालीये. खाली ऊब आणि वर गारवा असला की इथला वारा पिसाळतो."

"मग सांग ना त्यांना तसं!"

तिने हात बाहेर काढला, रुमालाला पुसला, उभी राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. तिने घसा खाकरला.

"साधारण राहील," म्हणाली, आणि घड्याळ मागितलं.

काकांनी मागे वळून एवढंच म्हटलं, "चला रे." एकेका होडीला आठ-आठ माणसं लागतात गं, आणि एकदा वर ओढली की शक्यतो वसंतापर्यंत परत खाली नेत नाहीत.

पण हे झालं आमच्या पायऱ्यांपुरतं. पुढचा सगळा किनारा फोनच ऐकतो! मी ऑफिसात परतले, 'कचरा' उघडला, एक खोकला उचलला आणि 'साधारण'च्या आधी चिकटवला. अर्धा सेकंद. अंदाजाचं एक अक्षर बदललं नाही, शपथ!

घरी पोचते न पोचते तोच आत्याचा फोन.

"ऐकलं मी," म्हणाली. "अगं, हा कुठला लावलास? त्या वर्षी मला खरंच सर्दी झाली होती. त्याच्या आदल्या वर्षीचा लाव."

खरंच! म्हणजे बाकीचे बावीस? एवढं ती कबूल करून बसली आणि तिलाच ते कळलं नाही. की कळलं होतं, कोण जाणे. मी शुक्रवारी पहिलं काम तेच केलं, आदल्या वर्षीचा लावला. दुपारपर्यंत पलीकडच्या गावांमधूनही होड्या वाळूवर आल्या.

आणि आता वैताग ऐक. आज सहावा दिवस. वाऱ्याचा पत्ता नाही! सरोवर आरशासारखं सपाट, पान हलत नाहीये. होड्या किनाराभर पालथ्या पडल्यात आणि लोक ऑफिसात फोन करून मला नको नको ते बोलतायत. काका बोलत नाहीत, पण रोज सकाळी येऊन खिडकीतून नुसते बघून जातात, ते जास्त लागतं. आत्या रोज पायऱ्यांवर जाते, मनगटापर्यंत हात घालते, घरी येते, "अजून ऊब आहे" म्हणते आणि इस्त्री करते. एवढंच!

आणि आज सकाळी साहेबांचा कागद. "ध्वनिमुद्रणात अनावश्यक आवाज आढळला आहे. चार वाजेपर्यंत लेखी खुलासा करावा."

चूक झाली, असं लिहिलं की ते खोकला काढायला लावणार, संध्याकाळी अख्खा किनारा साफ आवाज ऐकणार आणि होड्या परत पाण्यात. खरं लिहिलं, तर आत्याची ती कोरी एकोणतीस वर्षं मीच खराब करणार, माझ्या अक्षरात.

सव्वातीन झालेत. कागदावर मी फक्त तारीख घातलीये. आता बोल, माझ्या जागी तू असतीस तर काय लिहिलं असतंस?