शिवडीच्या डबक्यातला थोरला

मी थोरला बोलतोय, पॅरामेशिअमच्या पोटातला. एकाच पेशीचा हा जीव, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही; पण त्याच्यात केंद्रकं दोन: मोठं ते मी, थोरला, आणि लहान तो धाकटा. धाकट्याकडे पूर्वजांकडून आलेला जनुकांचा सगळा मजकूर, नको तोसुद्धा, पुढच्या पिढीसाठी जपलेला. तो गप्प पडून असतो. मी त्यातलंच नको ते कापून, कामापुरतं ठेवून तयार झालो. खाणं, पोहणं, वाढणं, सगळं माझ्या जिवावर. पेशी दुभंगली की मीही दुभंगतो आणि दोन्हीकडे पुन्हा कामाला लागतो.

शिवडीला गोदामामागच्या डबक्यातून संघमित्रानं मला परळच्या प्रयोगशाळेत आणलं. ती नायगावच्या चाळीत राहते, इथं संशोधन करते. गवत उकळलेलं पाणी घालून तिनं आम्हाला वाढवलं. पण दुभंगून दुभंगून मी थकलो. माझी वाटणी सारखी पडेना. पेशी मंदावल्या, मग मरू लागल्या.

तिच्या मार्गदर्शक रुचा मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "म्हातारं झालंय गं हे. टाकून दे, नवीन आण."

"कुठून आणू, मॅडम? ते डबकं बुजवलं. टॉवरचं काम चालू आहे तिथं."

दोन-चार दिवसांनी मॅडमनी ठाकूरद्वारच्या एका विहिरीतलं पॅरामेशिअम आणून दिलं. दोघांना उपाशी ठेवून एकत्र सोड, भुकेनं ती जोडी जमवतात आणि नवी होतात, म्हणाल्या. पण उपासानं आहेत त्या पेशीही कदाचित जातील, हेही सांगितलं. तरी संघमित्रानं आमचं खाणं बंद केलं.

विहिरीतली पेशी आमच्या पेशीला येऊन चिकटली. धाकटा जागा झाला. त्यानं आपला अर्धा वाटा तिकडे दिला, तिकडचा घेतला. त्यातून नवा धाकटा आणि नवा थोरला घडू लागले, आणि मी तुटायला लागलो. वाईट वाटलं. आयुष्यभर राबलो मी, आणि वंश चालणार झोपून राहिलेल्याचा.

तरी एक काम उरलंच होतं. नव्या थोरल्यात काय ठेवायचं, काय कापायचं, हे माझ्याशी ताडून ठरतं. माझ्यात जे नाही, ते त्याच्यातून जातं. तुटता तुटता तेवढं केलं.

पुढे एका सकाळी संघमित्रानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी सरसर पोहत होत्या. तिनं मॅडमना फोन केला. "जगलं, मॅडम. आपलं शिवडीचं जगलं."

माझे तुकडे अजून विरघळतायत. संघमित्रा, मला शोधू नकोस. त्या नव्याला खायला घाल, भुकेला आहे तो. मला मात्र आता कुणी कामाला हाक मारू नका.