पाठ कोरडी असू दे

मी एक जुना ढब्बू पैसा आहे. तांब्याचा, जाड, म्हातारीच्या तळहाताच्या खळग्यात नेमका बसेन एवढा. मित्रांनो, ही गोष्ट १९८९ सालची, जावा बेटावरच्या तेगल गावातली, ईदच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी मी जेवढा घाबरलो, तेवढा भट्टीतही घाबरलो नव्हतो.

तसा मी जन्मापासूनच भित्रा. आमच्यावर राज्य करणाऱ्यांच्या दूरदेशी टांकसाळीत माझ्यावर छाप ठोकला आणि जहाजाच्या काळ्याकुट्ट पोटात भरून मला इकडे आणले. बाजारात माझी पुष्कळ वर्षे मजेत गेली. मग राज्य बदलले, नवी नाणी आली, आणि मला कुणी विचारेना. पोरे मला भिंतीवर आपटून खेळत. एक दिवस विहिरीत फेकतील, या धास्तीने मी अर्धमेला होई.

मला वाचवले एका म्हातारीने. तिने माझी कड पाट्यावर घासून गुळगुळीत केली आणि नव्या सुनेच्या, वासितेमच्या हातात मला ठेवले. म्हणाली, "हा आता खर्चायचा नाही. याने वारा काढायचा."

अंग मोडून आले, डोके जड झाले, की आमच्याकडे म्हणतात, अंगात वारा शिरला. मग पाठीला खोबरेल चोळायचे आणि नाण्याची कड मणक्यापासून बाहेर ओढायची. माशाच्या काट्यासारखे लाल पट्टे उमटतात. पट्टा जितका लाल, तितका वारा निघाला असे समजतात. वासितेमचा हात गल्लीत नावाजलेला होता. पावसात भिजलेले रिक्षावाले, बाजारातल्या मासळीवाल्या, सगळे तिच्या चटईवर पालथे पडत. "वासितेमच्या ढब्बूला जीभ आहे, वारा चाटून घेतो," असे म्हणत. मला अभिमान वाटे. पडसे, शिणवटा खरोखर हलका होई. तो गुण माझा, की तिच्या ऊबदार हाताचा, कोण जाणे.

पण मित्रांनो, पाठीवरून फिरताना मला आतले काळीज ऐकू येई. बहुतेक काळजे शहाण्या बैलासारखी चालतात. एकच मी अडखळताना ऐकले होते, वासितेमच्या नवऱ्याचे. त्याची पाठ रुंद होती आणि घामाने गार, ओली झाली होती. वासितेम पट्टे ओढत राहिली, आणि माझ्याखाली ते काळीज दोनदा ठेचकाळून गप्प झाले. लोक म्हणाले, "वारा बसला. बसलेला वारा माणसाला उठू देत नाही." तेलाची वाटी धरून वासितेमची नवी सून तुरिना शेजारी बसली होती. ती काही बोलली नव्हती. नव्या सुनेने काय बोलावे?

त्याला वीस-एकवीस वर्षे झाली. तुरिनाचा नवरा, वासितेमचा मुलगा कासमादी, आता बापाच्या वयाचा झाला होता. तो सळयांवर ओवलेले बोकडाचे मांस हातगाडीवरच्या निखाऱ्यावर भाजून विकायचा. "गिऱ्हाइकाला मांस, मालकाला चरबी," असे म्हणून करपलेले चरबीचे तुकडे स्वतः खायचा. वर मातीच्या किटलीतला, खडीसाखर घातलेला चहा. आणि ओठात सदैव लवंगेची सिगारेट. मान दुखली की आई होतीच, आणि आईजवळ मी होतो.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घरोघर जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची आणि प्रत्येक घरी जेवायचे. कासमादी दुपारी परतला तो छातीवर हात ठेवूनच.

"म्बोक, वारा शिरला गं," तो आईला म्हणाला. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. जबडापण धरलाय."

"पाच घरी जेवलास, वारा बिचारा राहणार कुठे?" वासितेम हसली. "हो पालथा."

मला डब्यातून काढले. पाठीला टेकलो मात्र, आणि माझे तांबे थिजले. तीच रुंदी आणि तोच गार, चिकट घाम. आत तेच, धावते, थांबते, पुन्हा धावते. मला ओरडायचे होते. पण नाण्याच्या एका बाजूला छाप असतो आणि दुसऱ्या बाजूला आकडा. तोंड कुठेच नसते.

वासितेमने पट्टा ओढला. लाल उमटेना. पाठ फिकट, मेणासारखी.

"खोल गेलाय," ती पुटपुटली आणि तिने जोर लावला.

"म्बोक, थांबा," तुरिना दारातून म्हणाली. "त्यांचे ओठ बघा."

"तू तेल आण."

"तेल नाही आणणार."

वासितेमने मान वर केली. या घरात असे उत्तर तिने कधी ऐकले नव्हते. तुरिना दारातून पुढे आली. "मामंजींच्या वेळी मी वाटी धरून बसले होते. त्यांची पाठपण अशीच भिजली होती. मला भीती वाटत होती, पण तुमच्या हातावर सगळ्यांचा विश्वास, मी कोण बोलणारी? आज मी गप्प बसणार नाही. दवाखान्यात न्यायचं यांना."

"दवाखान्यात? वाऱ्यासाठी?" कासमादी चटईवरून कसाबसा बोलला. "गल्ली हसेल. म्हणतील, ढेकर आली नाही म्हणून कासमादीला रिक्षात घातलं. मला चहा दे गोड... आणि एक सिगारेट..."

वासितेमने पुन्हा मला टेकवले. आणि त्या घामावरून मी निसटलो. इतक्या वर्षांत तिच्या बोटांतून मी कधी सुटलो नव्हतो. फरशीवर वाजत, गोल फिरत मी पडलो. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने उघडा तळहात मुलाच्या पाठीवर ठेवला, आणि मी ऐकत होतो ते तिच्या हातालाही कळले.

"दारकुमला बोलाव," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "पळ, पोरी!"

दारकुम रिक्षावाला नवी लुंगी नेसून जेवत होता. तो उष्ट्या हातानेच आला. "कांग, बोकड खाऊन खाऊन बोकडाएवढा जड झालास की!" तो कासमादीला, आपल्या कांगला म्हणजे मानलेल्या दादाला, उचलताना म्हणाला, पण त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. "चालू नकोस. एक पाऊलसुद्धा टाकू नकोस. मी आहे ना पाय मारायला."

वासितेमच्या मुठीत मी दवाखान्यात गेलो. मूठ इतकी घट्ट, की माझ्यावरचा छाप तिच्या तळहातावर उमटला.

तरुण डॉक्टरांनी पाठीवरचे फिकट पट्टे पाहिले. रागावले नाहीत. आधी त्याला गोळी चघळायला दिली, नाकाला नळी लावली, छातीला तारा जोडल्या. मग दोघींना, आमच्याकडच्या रीतीने बू म्हणजे आई म्हणत, विचारले, "बू, सिगारेट?"

"झोपेत तेवढी ओढत नाही," तुरिना म्हणाली.

"रक्तदाब कधी मोजला होता?"

"मान दुखली की मी पट्टे ओढते," वासितेम म्हणाली.

"वडील?"

"याच वयात गेले. वारा बसला होता," वासितेमच म्हणाली.

"वारा नव्हता, बू," डॉक्टर हळूच म्हणाले. "काळजाला रक्त नेणारी वाट तुंबते. धूर, चरबी, खारट, वाढलेला दाब, सगळं वर्षानुवर्षं त्या वाटेवर काम करत असतं, आणि दुखत काहीच नाही. बापाला झालं असेल तर मुलानं दुप्पट जपायला हवं होतं. आता वेळेत आणलंत. उशीर झाला असता तर मला काहीच करता आलं नसतं."

वासितेमने मूठ उघडली नाही. ती ओसरीवर बसून राहिली, आणि मला फक्त तिचेच काळीज ऐकू येत होते. पहाटे तुरिना बाहेर आली आणि सासूच्या पायाशी बसली. "चहा मागतायत," ती म्हणाली. "मी सांगितलं, बिनसाखरेचा मिळेल." मग दोघी रडल्या.

कासमादी जगला, मित्रांनो, पण त्याच्या काळजाचा एक भाग कायमचा मेला. कोळशाची टोपली त्याला पुन्हा उचलता आली नाही. सिगारेट सुटली. चरबी मात्र दोनदा चोरून खाल्ली, आणि दोन्ही वेळा बायकोने पकडले. तो आणखी चौदा वर्षे जगला आणि नातवंडे पाहून गेला. त्याची हातगाडी तुरिनाने चालवली. तिच्या सळयांवर चरबी नसे, आणि गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, येत राहिले. दारकुमने त्या दिवसानंतर स्वतःचा रक्तदाब मोजून घेतला. तो इतका निघाला, की त्याच डॉक्टरांनी त्याला तिथेच बसवून घेतले. वासितेम फार म्हातारी होऊन, झोपेत गेली. शेवटपर्यंत ती लोकांची पाठ घासायची, पण आधी विचारायची, "छाती दाबतेय का? हात, जबडा धरलाय का? घाम गार आहे का?" एक जरी हो आले, तरी मला डब्यात टाकून ती दारकुमला हाक मारायची.

आता मी तुरिनाच्या डब्यात आहे, तिच्या दाबाच्या गोळ्यांशेजारी. तुमच्याकडे या वाऱ्याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही. कुणी गॅस म्हणत असेल, कुणी पित्त, आणि ओवा चावायला देत असेल. मित्रांनो, घरातले मोठे माणूस छाती धरून बसले तर लहान म्हणून गप्प बसू नका. हसले तरी हसू द्या. आणि ती वेळ येण्याआधीच, त्यांचा हात धरून रक्तदाब मोजायला न्या.

डब्याचे झाकण उघडले, की मी अजूनही थरथरतो. बोटे मला उचलतात, आणि पाठीला टेकेपर्यंत मी एकच प्रार्थना करतो. पाठ कोरडी असू दे.