आई नको म्हणते

सुकन्यानं ती गोष्ट जेवताना काढली. बाहेर अजून उन्हं होती. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत आमची ताटं धुऊन पालथी पडलेली असतात.

माझी ही सून अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात ऑर्डरींचं काम बघते. साहेब तिला म्हणाले होते, एमबीए असतीस तर निर्यातीचं सगळं तुझ्याकडे दिलं असतं. आता ते घरबसल्या ऑनलाइन करता येतं म्हणे. दोन वर्षं, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी वर्ग आणि एक रविवारी सकाळी. अडचण तिथंच होती. संध्याकाळी तिचा स्वयंपाक असतो, आणि रविवारी ती आदिनाथच्या दुकानात गल्ल्यावर बसते. माझ्या मुलाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उजनीकाठचे शेतकरी जळालेल्या पंपाच्या मोटारी घेऊन रविवारीच येतात.

आदिनाथ नाही म्हणाला नाही. भाकरी मोडत म्हणाला, "कर की. पण आईला झेपलं पाहिजे."

"आईला काय धाड भरलीय?" मी म्हणाले. "स्वयंपाक मी करते. रविवारी गल्ल्यावर पण बसते. मला बघून उधारी तरी कुणी मागणार नाही."

सुकन्या हसली. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. "आत्या, तुम्ही तर उद्या मोटारी पण दुरुस्त करायला लागाल."

त्या दिवशी मला माझं आठवलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मॅट्रिकला मार्क चांगले होते, आणि तेव्हा कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा देता यायची. आमचे हे मिलच्या ऑफिसात होते. भोंगा वाजला की मी दाराकडे कान लावून बसायची, आज विचारते, उद्या विचारते. शेवटी विचारलं. हे म्हणाले, "माझं काही नाही गं. आई नको म्हणते."

सासूबाईंना मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्या काळी विचारायची पद्धतच नव्हती. पुढे जन्मभर आम्ही दोघींनी एकाच गच्चीवर पापड वाळवले, सणाला एकमेकींच्या वेण्या घातल्या, पण माझ्या मनातली गाठ सुटली नाही. शेवटच्या आजारात त्या आपण होऊन एकदा म्हणाल्या, "विजयमाला, मी तुला कशालाच अडवलं नव्हतं गं." आजारी माणसाशी वाद कशाला घालायचा? मी म्हणाले, "असू द्या, आत्या."

मग बरेच दिवस वर्गाचं कुणी बोलेना. सुकन्या कामाहून यायची, पदर खोचायची, मुकाट्यानं भाकऱ्या थापायची. मी मदतीला गेले की म्हणायची, "तुम्ही बसा." पूर्वी ऑफिसातल्या गमती सांगायची, त्याही बंद झाल्या. मी आदिनाथला विचारलं तर म्हणाला, "तिचंच मन उडालंय." मला वाटलं, असेल, कामाचा ताण असेल.

परवा संध्याकाळी ती आल्या आल्या हातपाय धुवायला गेली. मी आपलं भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं. ओट्यावर तिचा फोन वाजायला लागला, थांबेना. मी पिठाच्या हातानं उचलला.

"मॅडम, सासूबाईंची तब्येत कशी आहे आता?" एक मुलगी विचारत होती.

"कुणाच्या सासूबाईंची?"

"तुमच्याच, मॅडम. तुमचे मिस्टर म्हणाले होते, त्या अंथरुणाला खिळून आहेत, तुम्हाला वर्ग जमणार नाहीत. पण प्रवेशाचा आज शेवटचा दिवस आहे, म्हणून एकदा विचारावं म्हटलं."

"अंथरुणाची घडी सकाळीच घातली, बाई," मी म्हणाले. "मीच ती सासू."

ती गडबडली. मी फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीत गेले. आदिनाथ टीव्ही बघत होता. मी विचारल्यावर त्यानं आवाज कमी केला, एवढंच.

"अगं, तुझं नाव घेतलं की ती भांडत नाही. मी नको म्हटलं असतं तर महिनाभर घर डोक्यावर घेतलं असतं. तिला सांगितलं, आई तोंडावर हो म्हणते, पण तिला आता चुलीपुढे उभं राहवत नाही."

"कुणी शिकवलं हे तुला?"

"बाबांनीच की. माझं लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, बायकोला नाही म्हणायचं असलं की आईला पुढं करायचं. तू कसलीशी परीक्षा देणार होतीस ना? तेव्हा त्यांनी आजीचं नाव सांगितलं म्हणे. आजीला बिचारीला पत्ताच नव्हता." वडलांची आठवण निघाली की हसतो, तसा हसला.

हे गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगत होते, माणूस साधा होता, जन्मात खोटं बोलला नाही.

मी स्वयंपाकघरात परत आले. सुकन्या तोंड पुसत उभी होती. तिला सगळं सांगितलं. मी असं काही बोललेच नाही म्हणून सांगितलं. फोन तिच्या हातात दिला. "आजचा दिवस आहे. आत्ता लाव."

तिनं फोन पाहिला, त्यावरचं पीठ पदरानं पुसलं, आणि तो फडताळावर उंच ठेवून दिला.

"असू द्या, आत्या," ती म्हणाली. "तुमचं पण वय झालंय की."

माझ्या पुढ्यातली परात तिनं हलकेच ओढून घेतली. दिवस मावळायला अजून थोडा वेळ होता.