चौथी हरकत

रास्तोने कढईतल्या मिरच्या हलवायच्या सोडून फोन उचलला आणि बायकोची ई-मेल पुन्हा पहिल्यापासून वाचली. ती त्याच्या एकट्याच्या नावे नव्हती. संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारे जगभरचे लोक वाचतात त्या सामायिक ई-मेल यादीवर आली होती. इवेता त्या वेळी पलीकडच्या खोलीत, दहा पावलांवर इस्त्री करत होती.

प्रोग्रामने एखादा पत्ता वापरला की तो संगणकाच्या स्मृतीच्या कुठल्या तुकड्यात येतो, हे कर्नलला शोधावं लागतं. तो शोध रास्तोने अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता. कोशित्सेसारख्या बाजूच्या शहरात बसून त्याने हे केलं, याचं लोकांना कौतुक होतं. त्या भागात कुणाचा बदल घ्यायचा, हेही तोच ठरवी. आता या ई-मेलमधल्या बदलात इवेताने त्यातलं निम्मं काढून टाकलं होतं. आधी नुकतेच सापडलेले चार तुकडे आठवून पाहायचे, त्यात नसेल तरच पूर्ण शोध घ्यायचा, एवढीच तिची युक्ती. शोध चाळीस टक्क्यांनी वेगवान झाला होता. रास्तोला आजवर ‘चालेल’ यापलीकडे एक शब्दही न लिहिलेल्या, यादीवरच्या एका म्हाताऱ्याने खाली ‘सुंदर’ असं लिहिलं होतं.

“करपतंय,” इवेता आतून म्हणाली.

जेवताना त्याने विचारलं, “घरी सांगायला काय झालं होतं?”

“घरी सांगितलं असतं तर तू घरीच नाही म्हणाला असतास. तिथे निदान कारण द्यावं लागेल.”

त्याने पावाचा तुकडा मोडला आणि तसाच बशीच्या कडेला ठेवला.

कारण शोधण्यात तीन आठवडे गेले. पहिली हरकत त्याने नावांवर घेतली, दुसरी टिपांच्या मांडणीवर, तिसरी जुन्या यंत्रांवर मोजमाप का केलं नाही यावर. ‘आपल्या सूचनेबद्दल आभार,’ असं यादीवर लिहून इवेता दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून पाठवी आणि संध्याकाळी त्यालाच म्हणे, “अरे, कचरा खाली नेतोस ना?” त्या ‘आपल्या’ने त्याचं जेवण कडू होई.

चौथ्या शनिवारी सकाळी त्याला वाटलं, सापडलं. आठवणीत ठेवलेली गोष्ट शिळी होऊ शकते. एखादा तुकडा सोडून द्यायचा आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरीकडून त्यातला पत्ता वापरायचा; तिचा बदल घातलेला कर्नल फसलाच पाहिजे. त्याने तशी चाचणी लिहिली. तुलनेपुरती ती आधी स्वतःच्या जुन्या कर्नलवर चालवली.

वीस मिनिटांत यंत्र कोसळलं.

चाचणीच चुकली असेल म्हणून त्याने ती पुन्हा चालवली. पुन्हा कोसळलं. त्याचा कर्नलही एक शेवटचा तुकडा लक्षात ठेवत असे, आणि तो पुसायला क्षणभर उशीर करत असे. अकरा वर्षं. मग त्याने तिच्या कर्नलवर चाचणी लावली. दुपार झाली तरी ती बिनबोभाट चालूच होती.

तिच्या बदलात पुसण्याची ती ओळ तीन ओळी वर नेलेली होती. शेजारी टीप होती: किरकोळ आवराआवर.

इवेता बाल्कनीत आलुबुखारांच्या बिया काढत होती.

“ती पुसण्याची ओळ. कधी कळलं तुला?”

तिचे हात थांबले नाहीत. “मार्चमध्ये.”

“आवराआवर लिहिलंस.”

“मग काय लिहू? चारचौघांत?”

चाळीस टक्क्यांपेक्षा हे त्याला जास्त झोंबलं. तो आत गेला, यंत्रापुढे बसला आणि यादीवर लिहिलं: ‘ही ओळ आवराआवर नसून दुरुस्ती आहे. आपण ती नियमाप्रमाणे वेगळी पाठवावी आणि मूळ चूक कुणाची ते नावानिशी नमूद करावं. ते झाल्याशिवाय बाकीचा बदल घेता येणार नाही.’ दोनदा वाचून त्याने ते पाठवलं.

तो बाल्कनीत आला तेव्हा ती फोनवर तेच वाचत होती. काचेवर तिच्या अंगठ्याचा जांभळा ठसा उमटला होता.

“हे मी लिहायचं?”

“नियम आहे.”

तिने फोन खाली ठेवला. मग हात पुसून आत गेली. त्याने तिची खुर्ची घेतली, सुरी उचलली. बराच वेळ आतून फक्त टंकण्याचा आवाज येत होता.

“रास्तो लिहू की रास्तिस्लाव?”

“पूर्ण लिही,” तो म्हणाला. “आडनावासकट.”