टोपल्याखालचं पीठ

बाबांनी जिथे प्राण सोडला तिथे विमलआत्यानं पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला आणि पिठावर टोपलं पालथं घातलं. सकाळी पिठात ज्याचा ठसा दिसेल त्या जन्माला माणूस गेला, अशी आमच्याकडची समजूत. बाबांनी घाटंजीच्या कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. त्यांची सख्खी बहीण ते विसरायला तेरवीपर्यंतही थांबली नाही.

सकाळी आईनं टोपलं उचललं. पिठात एक वाकडी रेघ.

"पाखरू!" आत्या म्हणाली. मला ती पाल वाटली.

पुण्याहून आलेला चुलतभाऊ अनिमेष याहून वरच्या दर्जाचं बोलला. "टोपलं उचलेपर्यंत काका सगळ्याच रूपांत होते. आपण पाहिलं म्हणून एक ठरलं. क्वांटम हेच सांगतं."

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी तालुक्यात सल्लागारांचा सुकाळ होता. या वेळी आमच्या वाट्याला घरचाच आला.

आई टोपलं धरून तशीच बसली. "म्हणजे पाहिल्यानं ठरते? त्या दुपारी मी दारातून डोकावली तं हे झोपले होते. पुन्हा डोकावली तं नव्हते. मी पाहिलंच नसतं तं?"

"काकू, एका अर्थानं—"

"गप बस," मी म्हणाले.

शेवटची काही वर्षं बाबा याच प्रश्नामागे होते. वस्तू कोणत्या तरी एकाच स्थितीत असते आणि अलगद पाहिलं तर तिचं काही बिघडत नाही, हे आपण धरून चालतो. अणूंच्या बाबतीत ते खोटं ठरतं. मग केवढ्या वस्तूपर्यंत? एकदा मधे पाहायचं, एकदा मधे पाहायचं नाही, आणि शेवटी फरक पडतो का ते तपासायचं. यात आत्मा कुठेच येत नाही. आईला मी हे एवढंच सांगितलं.

"माणसावर तपासलं कोणी?"

"नाही." खोटं तिनं लगेच पकडलं असतं.

"मंग?"

"आजारपणात तू किती वेळा डोकावायचीस?"

"दिवसभर. ओरडायचे, काय पाहून राह्यली घडीघडी म्हणून."

"आणि बाजाराला जायचीस तेव्हा?"

"तेव्हा कोण पाहते? परत आली की असायचे तिथंच. बिना औषधाचे."

"मग तुझ्या पाहण्यानं काय फरक पडला?"

तिनं हातातलं टोपलं खाली ठेवलं.

"पण काकू, सूक्ष्म पातळीवर—"

"बाबू," आई म्हणाली, "बारावीले इथं होता तेव्हा चाचणीत काकानं तुले नापास केलतं न? बरोबर केलतं."

आणि मग, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, ती रडायला लागली.