वर पाणी नको

स्टुलावर चढून टोनी सुताराने माळ्याच्या आडव्या लाकडी कडीत पटाशी टेकवली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. ओला भुसा जयवंतीच्या ओट्यावर पडला. बरोब्बर त्या जागी, वर, तिच्या नवऱ्याची, गुरुदत्तची खाट होती.

आठवडाभर फळ्या करकरत होत्या. शेवटी जयवंतीने वाडीतल्या केळींचे टेकू उपटून आणून या कड्यांखाली लावले होते. घड जमिनीला लागले तर लागोत. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या गुरुदत्तला खाली आणून ठेवायचं कुठे? पावसाळ्यात निर्मळ गावातल्या या घरात खाली गुडघाभर पाणी शिरतं. आणि त्याला उचलायला चार माणसं वर चढवली, तर माळा सगळ्यांना घेऊनच खाली यायचा.

तिने विचारलं, वाळवी लागली का? वाळवीच असू दे, असं तिला फार वाटत होतं.

टोनीने भुसा बोटांत चोळला. "वाळवी नाय, जयवंतीबाय. पानी हाय. वरून रोजचं."

रोजचंच होतं. गुरुदत्त अंथरुणाला खिळल्यापासून रोज सकाळी ती बादल्या वर नेऊन त्याला खाटेवरच न्हाऊ घालत होती. माझ्या माणसाला अंथरुणाचा वास येत नाही, हे शेजारणींना ऐकवताना केवढा तो ताठा! आणि त्याच हातांनी तिने त्याच्या खालचं लाकूड कुजवलं होतं.

टोनीने जॅक लावून कडी जराशी उचलली आणि दोन्ही अंगांना नव्या सागाच्या कड्या भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवून बोल्टांनी आवळल्या. लाकूड कण्हलं की वरून गुरुदत्तचा घाबरा आवाज येई, आणि जयवंती खालून ओरडे, "मी इथंच आहे हो."

जाताना टोनी म्हणाला, "आता टिकंल. पन वर पानी नको, बाय. तांब्याभरपन नको."

दुसऱ्या सकाळी ती एक पिळलेलं फडकं घेऊन वर गेली. गुरुदत्तने तिच्या मागे जिन्याकडे पाहिलं.

"बादली?" वाकड्या तोंडाने त्याने विचारलं.

"आज नाही," ती म्हणाली. कारण सांगायला तिला तोंड नव्हतं.

त्याने मान भिंतीकडे वळवली. तिने फडकं पुन्हा पिळलं, आणि एक थेंब फळीवर पडला. जयवंती चटकन खाली बसली. आधी तिने पदराने तो थेंब टिपला, फळी कोरडी झाली का ते तळव्याने पाहिलं, आणि मग त्याचं तोंड पुसलं.